क्युरेटिंगच्या आधी एकदा डॉपलर

गर्भपात होऊन महिना उलटलेला. अंगावरून जाणंही थांबलेलं. आणि एका दुपारी अचानक नळ सोडल्यासारखं रक्त सुरू होतं, पॅडवर पॅड भिजतात, मग आपोआप थांबतं. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "पिशवीत काहीतरी राहिलं असेल, परत साफ करून घे," म्हणजे क्युरेटिंग, पिशवी आतून खरवडणं. बहुतेकदा त्यांचा अंदाज बरोबर असतो. क्वचित एखादीच्या बाबतीत मात्र ती सफाईच जिवावर बेतू शकते.

धमनीतलं रक्त जोराचं असतं. केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यात त्याचा जोर ओसरतो आणि मग ते शिरेत उतरतं. गर्भाशयाच्या भिंतीत कधी कधी हे मधलं जाळंच नसतं. धमनी थेट शिरेला मिळते. पातळ भिंतीच्या शिरा त्या दाबाने फुगतात. डॉक्टर याला 'एव्हीएम' (आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन, म्हणजे धमनी-शिरांची सदोष जोडणी) म्हणतात. हा कॅन्सर नाही. १९२६ साली द्युब्रई आणि लुबा यांनी त्याची पहिली नोंद केली. काहींना हा दोष जन्मतः असतो, पण जास्त करून तो गर्भपात, क्युरेटिंग किंवा सिझेरियननंतर आढळतो. अशा शिरांवरून क्युरेट, म्हणजे खरवडायचं अवजार, फिरला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

साध्या सोनोग्राफीत भिंतीत स्पंजासारखी काळी छिद्रं दिसतात. त्यावरून आत तुकडा राहिलाय की आणखी काही, हे कळत नाही. कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग आणि दिशा रंगांत दाखवणारी सोनोग्राफी, लावला की त्याच जागी लाल, निळा, पिवळा असे रंग रंगपंचमीसारखे एकमेकांत मिसळलेले दिसतात, कारण रक्त वेगाने आणि वाटेल त्या दिशेने धावत असतं. गर्भाचा अंश राहिला असेल तरी काही काळ असं चित्र दिसू शकतं, म्हणून सोबत बीटा-एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनची रक्ततपासणीही करतात. एवढ्या साध्या तपासण्या, त्या क्युरेटिंगच्या आधीच व्हायला हव्यात असं मला फार वाटतं.

रक्तस्राव बेताचा असेल तर थांबून लक्ष ठेवतात. गर्भपातानंतरचं हे जाळं अनेकदा काही आठवड्यांत आपणच विरतं. जास्त असेल तर एम्बोलायझेशन. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात आणि जेलफोमचे (जिलेटिनच्या स्पंजाचे) कण किंवा वैद्यकीय गोंद सोडून ती वाट बुजवतात. सहसा फक्त टोचलेली जागा बधिर करतात. नंतर एक-दोन दिवस पोटात चांगलंच दुखतं. पण पिशवी जागेवर राहते, आणि त्यानंतर दिवस राहून सुखरूप बाळंत झालेल्या बायकांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.