किबेराची 'दहा लाख' वस्ती: खुलासा

नैरोबीतल्या किबेरात दहा लाख माणसं राहतात, ही आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. केनियाच्या 2009 च्या जनगणनेत तिथे 1,70,070 माणसं मोजली गेली. गणनेत काही निसटली असतील, पण पाच-सहा पट नक्कीच नाही. फुगलेला आकडा निधी मागायला सोयीचा म्हणून टिकला; त्यावरून आखलेल्या नळ-शौचालयांचं गणित मात्र चुकतं.

तिथले प्रकल्प पाहायला जाणाऱ्यांनी म्हणूनच लोकसंख्येपेक्षा व्यवस्था विचारावी. बायोसेंटर घ्या: वर सशुल्क शौचालय, जमिनीखाली घुमटाकार टाकी, त्यात मैला कुजून होणाऱ्या गॅसवर सामाईक शेगडी. फिनाईल किंवा जास्त पाणी टाकीत गेलं की गॅस घटतो. तेव्हा एका वापराचे किती पैसे, हिशेब कोणाकडे, गाळ कधी उपसला, हे विचारा. पाण्याच्या पाइपचंही तसंच. गटारातून नेलेल्या फुटक्या पाइपात पुरवठा थांबला की घाण आत ओढली जाते. त्यामुळे काही ठिकाणी पाइप खांबांवरून नेलेत. ते जरूर पाहा.

वाटाड्या वस्तीतलाच घ्या, आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका.