आउटलुकमधील उरलेल्या तात्पुरत्या फाइली

मायक्रोसॉफ्ट आउटलुक या ईमेलच्या प्रोग्राममध्ये मेलसोबत आलेली फाइल (अटॅचमेंट) उघडली, की तिची एक प्रत आधी डिस्कवरच्या एका लपलेल्या फोल्डरात लिहिली जाते. वर्ड, एक्सेल किंवा पीडीएफ दाखवणारा प्रोग्राम उघडतो ती ही प्रत, मेलमधली मूळ फाइल नव्हे. काम आटोपल्यावर आउटलुकने प्रत पुसून टाकायची, अशी योजना आहे. पुष्कळदा ती पुसली जात नाही. अशा मागे राहिलेल्या प्रती कुठे साठतात, त्यांनी काय अडते आणि त्या कशा काढायच्या, हा कार्यालयीन संगणकांच्या देखभालीतला जुना आणि चिवट विषय आहे.

प्रत करावी लागते, कारण अटॅचमेंट ही स्वतंत्र फाइल नसते. आउटलुक सगळे मेल ज्यात ठेवते त्या पीएसटी किंवा ओएसटी या मोठ्या साठा-फाइलीच्या पोटात ती असते आणि तिथून ती थेट उघडणे वर्डला जमत नाही. तात्पुरत्या फाइलींसाठीचे विंडोजचे नेहमीचे टेम्प फोल्डर आउटलुकने यासाठी मुद्दामच वापरलेले नाही. त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे तिथे फाइल उतरवून ती चालवणे घातक प्रोग्रामला सोपे जाते. म्हणून इंटरनेट एक्सप्लोररच्या साठ्याखाली, नावाचा अंदाज बांधता येणार नाही असे फोल्डर तयार केले जाते. आउटलुक २००३ पर्यंत त्याचे नाव ‘ओएलके’ आणि पुढे काही अक्षरे-अंक असे असे. २००७ पासून ‘कंटेंट.आउटलुक’ नावाच्या फोल्डरात आठ अक्षरांचे यादृच्छिक नाव असलेले उपफोल्डर असते. विंडोज ७ मध्ये ते ‘टेम्पररी इंटरनेट फाइल्स’खाली सापडते, विंडोज १० आणि ११ मध्ये ‘आयनेटकॅश’खाली. लपवाछपवी इतकी पक्की, की घरच्या मालकालाही ते सहजी सापडत नाही. टेम्प फोल्डर नेमाने रिकामे करणाऱ्याचाही इथे हात लागत नाही.

प्रती उरण्याचे मुख्य कारण म्हणजे खिडक्या बंद करण्याचा क्रम. अटॅचमेंट आधी आणि मेल नंतर बंद केला, तर आउटलुक प्रत काढून टाकते. मेल किंवा खुद्द आउटलुक आधी बंद झाले आणि एक्सेलची फाइल मागे उघडीच राहिली, तर प्रत वापरात असल्यामुळे पुसता येत नाही, आणि नंतर कोणी परत येऊन ती पुसत नाही. आउटलुक अचानक कोसळले तरी तेच होते. संध्याकाळी सहाला घाईने मशीन बंद करणाऱ्या कार्यालयात हा क्रम कोण पाळणार, हा प्रश्नच आहे.

एकाच नावाच्या फाइली आल्या, की अडचण दिसू लागते. स्कॅनर रोज त्याच नावाने फाइल पाठवत असेल, किंवा दर महिन्याचे बिल ‘इन्व्हॉइस’ याच नावाने येत असेल, तर आउटलुक पुढच्या प्रतीला (२), (३) असे आकडे जोडत जाते. जुन्या आवृत्त्यांत हे ९९ पर्यंतच चाले. त्यानंतर ‘फाइल तयार करता येत नाही, फोल्डरच्या परवानग्या तपासा’ असा संदेश येई. तो शुद्ध दिशाभूल करणारा होता. परवानग्या ठीकच असत, नावे संपलेली असत. मेलमधल्या चित्रांच्या जागी लाल फुली दिसण्यामागेही कधी कधी हेच फोल्डर असते. सह्यांखालचे लोगो बहुधा ‘इमेज००१’ याच नावाने येतात आणि तेही इथेच साठतात.

याहून क्लेशदायक प्रकार हरवलेल्या कामाचा. कोणी मेलमधूनच तक्ता उघडतो, तासभर आकडे भरतो, सेव्ह दाबतो आणि सगळे बंद करतो. सेव्ह होते, पण त्या लपलेल्या प्रतीत. मेल पुन्हा उघडला की तक्ता कोरा. क्रम बिघडून प्रत उरली असेल, तर काम तिथे सापडते. म्हणजे आउटलुकने शिस्तीने साफसफाई केली की नुकसान, हयगय केली की वाचलो. ऑफिस २०१० पासून अटॅचमेंट संरक्षित दृश्यात, म्हणजे फक्त वाचण्यापुरत्या, उघडू लागल्या आणि हा घोटाळा कमी झाला. पण वरची पिवळी पट्टी दिसली, की न वाचता ‘संपादन सुरू करा’ दाबणारे बोट सगळीकडे असते.

गोपनीयतेचा मुद्दा वेगळा. मेल डिलीट केला, कचरापेटीही रिकामी केली, तरी पगारपत्रकाची उरलेली प्रत जागची हलत नाही. कूटबद्ध मेलमधली अटॅचमेंटही उघडताना इथे साध्या रूपात उतरू शकते. एकाच लॉगिनवर दोन पाळ्यांतली माणसे बसत असतील, तर धोका उघडच आहे. डिजिटल पुराव्यांचे तपासनीस हे फोल्डर हमखास पाहतात. फाइल नुसती आली नव्हती, ती उघडली किंवा पूर्वदृश्यात पाहिलीही गेली होती, असा माग तिथे लागतो.

सफाईसाठी आधी फोल्डरचा पत्ता हवा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, करंट यूजरखाली, ऑफिसच्या आवृत्तीच्या शाखेत, आउटलुकच्या ‘सिक्युरिटी’ भागात ‘आउटलुक सिक्योर टेम्प फोल्डर’ या नोंदीत तो दिलेला असतो. २०१६ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांची शाखा १६.० ही. पत्ता कॉपी करून फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत चिकटवला की फोल्डर उघडते. आउटलुक, वर्ड, एक्सेल सगळे बंद करावे, फाइली बदलाच्या तारखेनुसार लावाव्यात, अलीकडे बदललेल्या वर्ड-एक्सेल फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच बाकीच्या काढाव्यात. हे पाहणे टाळून सरसकट पुसणारी स्क्रिप्ट लावू नये, निदान पहिल्या खेपेला तरी. रजिस्ट्रीतली नोंदच काढली, तर आउटलुक पुढच्या वेळी नवे फोल्डर करते, मात्र जुने फोल्डर आतल्या फाइलींसकट बेवारस पडून राहते. मोठ्या कार्यालयांत आयटी विभाग याच नोंदीत स्वतः ठरवलेला पत्ता घालतो आणि लॉगिनच्या वेळी तो रिकामा करतो.

सफाईच्या भरात पीएसटी आणि ओएसटी फाइलींना मात्र हात लावू नये. आकाराने मोठ्या असल्या तरी त्या कचरा नव्हेत. ओएसटी सर्व्हरवरून पुन्हा उतरवता येते, पीएसटी मात्र बहुधा मेलची एकमेव प्रत असते.

मॅकवरील आउटलुकमध्ये ‘आउटलुक टेम्प’ नावाचे फोल्डर अशाच कामासाठी असते. लोटस नोट्स हा दुसरा मेल-प्रोग्राम टेम्पमध्येच ‘नोट्स’ने सुरू होणाऱ्या नावाचे फोल्डर करत असे आणि तिथेही प्रती मागे राहत. २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले विंडोजवरील नवे आउटलुक वेब तंत्रावर उभे असल्याने रजिस्ट्रीची वरील नोंद त्याला लागू नाही. जुने आउटलुक वापरून मग नव्याकडे गेलेल्या संगणकावर आधीच्या प्रती मात्र तशाच असू शकतात.