धायरीच्या कोपरा सभेपासून अथेन्सपर्यंत: टाळ्या नेमक्या कशाला पडतात

परवाच्या उन्हाळ्यात आमच्या धायरीत एका इच्छुकाची कोपरा सभा होती. रात्रीची वेळ, स्पीकर टेम्पोवर बांधलेला, समोर साठ-सत्तर खुर्च्या आणि त्यातले अर्धे लोक आमच्याच सोसायटीतले. भाषणाचा सगळा भर पाण्यावर. "धरण तुमच्या उशाला आणि नळ कोरडा! तुमच्या हक्काचं पाणी पळवलं!" एवढं म्हणाला आणि टाळ्या, शिट्ट्या, मागून घोषणा. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, अख्खी नोकरी कालव्यावर गेली, ते उठून उभे राहिले आणि शांतपणे विचारलं की खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं मिळून साधारण 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट साठा, त्यातलं शहराला किती, शेतीला किती, गळतीत किती जातं आणि तुम्ही पळवलं म्हणताय ते पाणी यातलं नेमकं कुठलं. इच्छुकाने उत्तर दिलंच नाही. द्यायची वेळच आली नाही, कारण शेजारच्या खुर्चीतले काका, ज्यांच्याबरोबर बाबांचा रोजचा सकाळचा चहा असतो, तेच बाबांचा हात धरून म्हणाले, "बसा हो साहेब, जाऊ द्या. तो आपल्या बाजूने बोलतोय ना?"

बाबा बसले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मी तेव्हापासून त्या एका वाक्यावर विचार करतेय, कारण मला वाटतं सगळी गोष्ट त्यात आहे. आपण म्हणतो लोकांना फॅक्ट्स नको असतात, लोक मूर्ख आहेत, भावनेच्या भरात वाहून जातात. मला हे पटत नाही. काकांच्या घरी उन्हाळाभर टँकर येतो, त्याचं बिल ते भरतात, 2017 ला गाव महापालिकेत गेलं तेव्हापासून नळाला पाणी येईल म्हणून वाट बघतायत. त्यांचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. खोटं आहे ते निदान. आणि हे काही आजचं नाही, दुखणं खरं आणि निदान भलतंच हा प्रकार फार जुना आहे, म्हणून ही जरा मागची गोष्ट लिहितेय.

सुरुवात अथेन्सपासून करावी लागते कारण सभा, भाषण आणि हात वर करून निर्णय हे सगळं तिथे रोजचं होतं. इसवी सनपूर्व 428 मध्ये मिटिलीनी नावाच्या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, 427 मध्ये ते मोडलं आणि मग त्या शहराचं काय करायचं यावर सभा भरली. लोक चिडलेले. ठरलं काय तर तिथल्या सगळ्या पुरुषांना मारायचं आणि बायकामुलांना गुलाम करायचं, आणि तो हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी राग थोडा उतरला, परत सभा बोलावली. तिथे क्लीऑन नावाचा पुढारी उभा राहिला, कातड्याच्या धंद्यातल्या घरचा, आवाज मोठा, त्या काळातला सगळ्यात लोकप्रिय माणूस. थ्युसिडिडीज नावाच्या इतिहासकाराने त्याचं भाषण लिहून ठेवलंय, त्यात एक मुद्दा असा की साधी माणसं हुशार माणसांपेक्षा राज्य चांगलं चालवतात, हुशार लोक नुसते शब्दांचे खेळ करतात, त्यांचं ऐकू नका. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबले. कारण 2016 मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायची की नाही याच्या, प्रचारात मायकेल गोव्ह नावाचे ब्रिटिश मंत्री टीव्हीवर जवळपास तेच म्हणाले होते, की या देशातल्या लोकांना तज्ज्ञांचा आता वीट आलाय. मधे चोवीसशे वर्षं गेली आणि मुद्दा तोच.

क्लीऑनला उत्तर दिलं डायोडोटस नावाच्या माणसाने. त्याने दया वगैरे मागितलीच नाही, म्हणाला की सगळ्यांना मारलं तर पुढच्या वेळी बंड करणारं शहर शरण येणारच नाही, म्हणजे तोटा आपलाच. थोडक्या मतांनी तो जिंकला. मग दुसरं जहाज सोडलं, पहिलं एक दिवस-रात्र पुढे, वल्ही मारणारे लोक वल्ही मारता मारताच सातूचं पीठ दारू-तेलात कालवून खात होते, आळीपाळीने झोपत होते, आणि हुकूम वाचून झाला, अंमल सुरू होणार तेवढ्यात पोचले. बंडाच्या म्होरक्यांना मारलंच, पण शहर वाचलं. तेव्हा खरी गोष्ट पोचवायला एक दिवस मिळाला होता, हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

अशा पुढाऱ्यांना आज पॉप्युलिस्ट म्हणतात, तो शब्द मात्र खूप नंतरचा, अमेरिकेतला, आणि मुळात शिवी नव्हती. 1892 मध्ये ओमाहा शहरात शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीचं अधिवेशन झालं, तेच पॉप्युलिस्ट. पिकाचे भाव पडलेले, रेल्वे कंपन्या मालभाडं मनाला येईल तसं लावतायत, कर्ज डोक्यावर. आपल्याकडच्या कांदेवाल्याला हे समजावून सांगायला नको. त्यांच्या कित्येक मागण्या, उदाहरणार्थ इन्कम टॅक्स आणि सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, थेट निवडणूक, 1913 मध्ये घटनेत आल्या. म्हणून लोकांच्या बाजूने तावातावाने बोलणारा प्रत्येक जण खोटारडा असं म्हणणं चुकीचं आहे. मराठीत आपण लोकानुनय म्हणतो पण त्यातून फुकट वाटपाचाच अर्थ जास्त निघतो. खरी ओळख वेगळी आहे: एकीकडे तुम्ही-आम्ही साधी, चांगली माणसं, दुसरीकडे "ते", आणि मधे फक्त मीच उभा आहे, ही मांडणी. "ते" कोण हे देशानुसार, वर्षानुसार बदलतं.

आता पुण्याचं. आपल्या शहराने हा झगडा इतक्या जवळून बघितलाय की दुसरीकडे जायची गरजच नाही. 1891 चं संमतिवयाचं बिल घ्या. मुलीशी, मग ती लग्नाची बायको का असेना, शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढंच बिल. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी याच कारणाने मेली होती. डॉक्टरांचं म्हणणं समोर होतं, आणि संस्कृतचे पंडित डॉ. रा. गो. भांडारकरांनी तर शास्त्राचे आधार काढून दाखवले की धर्माला यात बाधा येत नाही. म्हणजे पुरावा पूर्ण. टिळकांनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा लोकांना लगेच भिडला: परक्या सरकारने आमच्या घरात, आमच्या धर्मात हात घालायचा नाही. बिल पास झालं, पण पुण्यात लोकांची मनं कुणी जिंकली हे सांगायला नको. मला टिळकांबद्दल अपार आदर आहे आणि या बाबतीत ते चुकले असंही माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही एकदम असू शकतं. परक्या सत्तेचा अपमान खरा होता, तो रोजचा होता. पण त्या अपमानाचं औषध म्हणून दहा वर्षांच्या पोरींची सुरक्षा पणाला लागली.

मग 1897, प्लेग. रँड या प्लेग-अधिकाऱ्याच्या हाताखालचे गोरे सोल्जर घरात घुसून तपासण्या करतायत, देवघरात बूट घालून जातायत, माणसं उचलून नेतायत. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेले. आकड्यांचा पक्का माणूस. त्यांना पुण्याहून पत्रं आली की सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि एकीने जीव दिला. त्यांनी ते तिकडच्या वर्तमानपत्राला सांगितलं. मोठी खळबळ. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, खूप प्रयत्न केले, पण पुढे येऊन सांगायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर, बिनशर्त माफी मागितली. विचार करा, सिद्ध करता येत नाही म्हणून शब्द मागे घेतला, एवढाच गुन्हा. त्यासाठी लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं आणि ते बोलणं त्यांच्या मागे कित्येक वर्षं लागलं. त्याच सुमारास टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली, अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि देशभर त्यांचं नाव झालं.

हे नुसतं भावना जिंकली, सत्य हरलं असं सांगून सोडून देता येत नाही. कारण प्लेगमध्ये जो तो गाव सोडून पळत असताना टिळक पुण्यातच राहिले, त्यांनी हॉस्पिटल काढायला मदत केली, लोकांनी त्यांना त्या गल्ल्यांत फिरताना बघितलं. गोखले प्रामाणिक होते पण त्या दिवसांत ते हजारो मैल लांब होते. लोकांनी कागद तपासला नाही, माणूस आपल्या संकटात कुठे उभा होता ते तपासलं. आणि गोखल्यांचं काय झालं? ते पुढे कौन्सिलात बजेटवर बोलत राहिले, मिठावरचा कर गरिबाला कसा मारतो हे आकडे देऊन मांडत राहिले, आणि 1903 मध्ये तो कर मणाला अडीच रुपयांवरून दोनवर आला, पुढे अजून कमी झाला. ज्या बाईने स्वस्त मीठ विकत घेतलं तिला हे माहीतही नसेल.

नंतरचं जरा भराभर सांगते. 1960 ला राज्य मिळालं पण मुंबईत शिकलेल्या मराठी पोरांना नोकऱ्या मिळेनात, ही खदखद होतीच. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या "मार्मिक" साप्ताहिकात कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायला लागल्या, "वाचा आणि थंड बसा" या मथळ्याखाली, नंतर तेच "वाचा आणि उठा" झालं, आणि 1966 ला शिवसेना निघाली. मला यातली यादी महत्त्वाची वाटते. यादी म्हणजे फॅक्टच की, नावं खरी, हुद्दे खरे. पण कुणाला का घेतलं, किती मराठी मुलांनी अर्ज केले होते, नवीन जागा किती निघाल्या, हे यादीत कुठेच नसतं. वाचणारा ते रिकामं स्वतःच्या रागाने भरतो. 1971 ला इंदिरा गांधींनी विरोधकांच्या "इंदिरा हटाओ" ला "गरीबी हटाओ" ने उत्तर दिलं आणि 352 जागा आणल्या, कशी हटवणार हे फार कुणी विचारलं नाही. आंध्रात सिनेनट एन. टी. रामाराव यांनी मार्च 1982 ला पक्ष काढला आणि जानेवारी 1983 ला मुख्यमंत्री झाले, तेलुगू माणसाचा स्वाभिमान हा एक शब्द घेऊन. पक्ष वेगळे, विचार वेगळे, पण प्रत्येकाने आधी लोकांची ठसठस ओळखली आणि मग बाकीचं.

हे का चालतं याचं मला पटलेलं उत्तर डॅनियल कानेमन यांच्याकडे मिळालं, मानसशास्त्रज्ञ, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल. ते म्हणतात की अवघड प्रश्न समोर आला की मेंदू नकळत त्याच्या जागी सोपा प्रश्न ठेवतो आणि त्याचंच उत्तर देऊन मोकळा होतो, आणि आपण प्रश्न बदलला हे आपल्याला कळतच नाही. आता परत धायरीत या. अवघड प्रश्न: 29 टीएमसीचं वाटप कसं करावं. सोपा प्रश्न: हा माणूस आपल्या बाजूचा आहे का. काकांनी अगदी हेच केलं, शब्दशः.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. 1977 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने तीच तीच विधानं दाखवली, खरी आणि खोटी मिसळून, आणि जी परत परत दिसली ती जास्त खरी वाटायला लागली. ब्रेक्झिटच्या लाल बसवर लिहिलेलं की आपण आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. आकडा दिशाभूल करणारा आहे असं तिथल्या सरकारी आकडेवारी पाहणाऱ्या संस्थेनेच सांगितलं, कारण ब्रिटनला मिळणारी सूट त्यात धरलीच नव्हती. पण खोडून काढायचं म्हणून विरोधकही रोज तोच आकडा घेत राहिले आणि तो घराघरात पोचला. हॉस्पिटलची लाइन मात्र लोकांनी स्वतः अनुभवली होती.

आणि आता ते जहाज. अथेन्सचं दुसरं जहाज वेळेत पोचलं, आपल्याकडे तसं काही पोचलं नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आलीय या व्हॉट्सअॅपवरच्या अफवेवर गावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. तिथे कुणी पुढारी नव्हता, भाषण नव्हतं. मुलांची काळजी होती, ती खरीच, आणि समोर अनोळखी माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. जी भीती तिथे मोबाईलवरून आपोआप पसरली तीच कुणीतरी मुद्दाम, मतांसाठी, रोज थोडी थोडी पेरली तर काय होईल याची मला खरोखर धास्ती वाटते.

पाण्याचं एक राहिलं. खडकवासला धरण 1879 ला पूर्ण झालं तेव्हापासूनच ते दोन्हीसाठी होतं, कालव्यातून शेतीला आणि पुणे-खडकीला प्यायला. खडकवासल्याच्या आजच्या कालव्याच्या शेपटाकडे, इंदापूरच्या बाजूला गेलात तर तिथल्या सभेत हेच वाक्य उलटं ऐकू येतं, "पुण्याने आमचं पाणी पळवलं", आणि टाळ्या तशाच पडतात. तिथल्या शेतकऱ्याचं जळालेलं पीकही खरंच आहे.

त्या सभेनंतर बाबा बरेच दिवस गप्प होते. मग एकदा चहा पिताना म्हणाले, "मी त्यांना टीएमसी सांगत होतो गं, त्यांच्या डोळ्यांसमोर टँकरचं बिल होतं." पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग होती, बाबांनी आधी वॉचमनकडून टँकरच्या पावत्या मागवून घेतल्या, मीटिंगमध्ये त्या टेबलावर मांडल्या, प्रत्येक फ्लॅटचा खर्च वाचून दाखवला, आणि सगळे चिडून बोलायला लागल्यावर पाठकोऱ्या कागदावर धरण, कालवा, जलशुद्धीकरण केंद्र आणि आपली पाइपलाइन कुठे थांबलीय ते पेनने काढलं. पंधराएक माणसं असतील. तेच काका पुढे वाकून कागद बघत होते, चष्मा वर करून त्यांनी कालव्याच्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, मग हे खाली इंदापूरला किती जातं?"