उद्योजकतेत एमबीए करायचंय? सीट बुक करण्याआधी एवढं वाचा

पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "पॅकेज किती मिळतं?" नोकरीसाठी एमबीए करायचं असेल तर प्रश्न रास्त आहे. पण मुलाला किंवा मुलीला स्वतःचा उद्योग उभा करायचा असेल, तर प्लेसमेंटचा आकडा त्यांच्या काय कामाचा?

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो तो वेगळ्याच चुकीत. माहितीपुस्तिकेवर 'आंत्रप्रेन्युअरशिप' असं मोठ्या अक्षरांत वाचून सीट बुक होते आणि सिलॅबस नंतर उघडला जातो. बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष नेहमीच्याच एमबीएचं असतं आणि उद्योजकता म्हणजे दुसऱ्या वर्षातले तीन-चार ऐच्छिक विषय. त्यातही पुरेशी मुलं आली नाहीत तर त्या वर्षी ते स्पेशलायझेशन सुरूच होत नाही, आणि आपलं लेकरू मार्केटिंगच्या वर्गात बसतं. अभ्यासक्रम वाईट असतो असं नाही. त्यासाठी जादा फी भरू नका एवढंच.

म्हणून आधी चारही सेमिस्टरची विषययादी मागवा. उद्योगाचं प्रत्यक्ष काम कोणत्या सेमिस्टरला सुरू होतं ते बघा. शेवटच्या सहा महिन्यांतला एक प्रोजेक्ट म्हणजे उद्योजकता नव्हे. इन्क्युबेशन सेंटर (नव्या उद्योगाला सुरुवातीला जागा आणि मदत देणारं केंद्र) असेल तर पास झाल्यावरही किती महिने जागा वापरता येते, हे लेखी विचारा. "आमच्या मुलांनी स्टार्टअप काढले" असं सांगितलं तर पाच नावं मागा. ती कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची नोंदणीची तारीख आणि सध्याची स्थिती दिसते. 'स्ट्राइक ऑफ', म्हणजे नोंदणीतून नाव काढलेलं, दिसलं तर काय ते समजा. एकट्या मालकाची फर्म तिथे सापडत नाही; तिचा जीएसटी नंबर घेऊन जीएसटी पोर्टलवर तपासा. दहा मिनिटांचं काम आहे, पण करत कुणी नाही.

एमबीए ही पदवी आणि पीजीडीएम ही पदविका. अहमदाबादजवळची ईडीआयआय (आंत्रप्रेन्युअरशिप डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) ही 1983 पासून फक्त उद्योजकतेवर काम करणारी संस्था, पण तिथे मिळते ती पीजीडीएम. पुढे पीएच.डी., प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर त्या पदविकेला एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) एमबीएशी समकक्षता आहे का ते बघावं लागेल. धंदाच करायचा असेल तर मोंढ्यात तुम्हाला हे कुणी विचारणार नाही. पीजीडीएम देणाऱ्या स्वायत्त संस्थेची एआयसीटीई (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख करणारी केंद्रीय परिषद) मान्यता मात्र चालू शैक्षणिक वर्षाची आणि त्याच कोर्सची आहे ना, हे तपासाच.

घरची डाळमिल, जिनिंग किंवा बियाण्यांचा व्यवसाय असेल तर आणखी एक हिशोब करा. तुरीची आवक जोरात असताना मुलगा दोन वर्षं पुण्याला राहिलेला परवडेल का? मुंबईच्या एसपीजेआयएमआरसारख्या ठिकाणी फॅमिली बिझनेसचे असे कोर्स आहेत, ज्यात महिन्यातले काही दिवस वर्ग आणि उरलेले दिवस घरचा धंदा. त्यात हाती पदवी पडते की प्रमाणपत्र, ते आधी विचारून घ्या.

आता कर्ज. 15 लाखांचं शैक्षणिक कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षं मुदत: हप्ता जवळपास 19,800 रुपये. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज तोवर चढतच असतं, म्हणजे प्रत्यक्ष हप्ता याहून जास्त बसतो. नोकरदार तो पगारातून भरतो. नव्या उद्योजकाने कुठून भरायचा? "एमबीए झालं की बँक धंद्याला कर्ज देते" हाही गैरसमज आहे. पीएमईजीपीत (नव्या उद्योगाला बँक कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना) उत्पादन उद्योगाच्या 10 लाखांवरच्या प्रकल्पालाही शिक्षणाची अट फक्त आठवी पास आहे. नुसतं प्रशिक्षणच हवं असेल, तर एमसीईडीचं (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं) मुख्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. तिथले छोटे कोर्स आधी करून बघा, असं आम्ही प्रवेशाचा सल्ला देणारे असूनही काही पालकांना सरळ सांगतो. त्यात आमचं एक काम कमी होतं, हे खरं.

आम्ही सिलॅबस बघितल्याशिवाय कॉलेजचं नाव सुचवत नाही, याचा काहींना राग येतो. पण आम्ही सल्ल्याची फी तुमच्याकडून घेतो, कॉलेजकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे घाई करायला आम्हाला कारण नाही.

पैसे आधीच भरले असतील तरी या. एआयसीटीईच्या नियमानुसार कोर्स सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, आणि मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. मात्र अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो.

येताना पदवीच्या सर्व गुणपत्रिका, निवडलेल्या दोन-तीन कॉलेजांचे सिलॅबस आणि घरचा व्यवसाय असेल तर मागच्या वर्षाचा ताळेबंद आणा. विद्यार्थ्याला सोबत आणाच. सीईटीच्या निकालानंतर आमच्याकडे बसायला जागा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर निवांत बोलता येतं आणि पुढच्या वर्षासाठी कॅट या प्रवेश परीक्षेचा अर्जही वेळेत भरून होतो.