पिवळ्या उद्गारचिन्हामागचे आठ अंक

शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर परवा विंडोज नव्याने टाकली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या सुट्या भागांच्या यादीत, पिवळं उद्गारचिन्ह: ‘इथरनेट कंट्रोलर’, केबलने नेट जोडणारी चिप. तिला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नाही, म्हणून नेट नाही. कुणीतरी त्यांना ‘सगळे ड्रायव्हर आपोआप शोधणारं’ सॉफ्टवेअर विकत घ्यायला सांगितलं होतं. कॅबिनेटवर खंडेनवमीचं हळदकुंकूही होतं. निदान ते तरी फुकटात होतं.

खरं तर चिप आपली ओळख स्वतःच सांगते, विचारायचा अवकाश! १९९२ साली आलेल्या पीसीआय या सुटे भाग जोडायच्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाजवळ २५६ बाइटची एक वही असते. पहिले दोन बाइट उत्पादकाचा क्रमांक, पुढचे दोन मॉडेलचा. संगणक सुरू झाला की एकेका बसवरच्या (भागांना जोडणाऱ्या सामाईक मार्गावरच्या) ३२ जागा हाजरी घेतल्यासारख्या तपासतो. मला सगळ्यात आवडतं ते रिकाम्या जागेचं उत्तर. तिथे बोलणारं कुणीच नसतं, तेव्हा वाचणाऱ्याच्या हाती सोळाच्या सोळा बिट १ येतात. सोळा अंकी पद्धतीत (० ते ९, मग ए ते एफ) हे होतं ‘एफएफएफएफ’. म्हणून हा क्रमांक कुठल्याही कंपनीला देत नाहीत. तो गैरहजेरीचा शेरा आहे. इंटेलने मात्र हौसेने ८०८६ घेतला, १९७८ च्या आपल्याच प्रोसेसरचा!

पण ड्रायव्हर नसताना ‘इथरनेट’ हे तरी विंडोजला कसं कळलं? त्याच वहीत पुढे तीन बाइटचा वर्ग-क्रमांक असतो. पहिला बाइट ०२ म्हणजे नेटवर्क, ०३ म्हणजे डिस्प्ले. दुसरा पोटवर्ग, तिसरा प्रोग्रामिंग इंटरफेस. म्हणजे धंदा कळला, माणूस नाही.

माणूस शोधायला त्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. ‘व्हेन’ (VEN) पुढचे चार अंक कंपनीचे, ‘डेव्ह’ (DEV) पुढचे चार मॉडेलचे. ‘सबसिस’ (SUBSYS) दिसतं ते कार्ड किंवा बोर्ड बनवणाऱ्याचं. लॅपटॉपमध्ये कधीकधी त्यावरूनच नेमका ड्रायव्हर ठरतो. ड्रायव्हरसोबत येणाऱ्या आयएनएफ (.inf) नावाच्या माहिती-फाइलमध्ये हेच आयडी लिहिलेले असतात, विंडोज फक्त जुळवून बघते. लिनक्सवाल्यांना ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही आज्ञा पुरे.

काकांकडे निघालं १०ईसी आणि ८१६८, रिअलटेकची गिगाबिट चिप. माझ्या लॅपटॉपवर रिअलटेकच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवला, पेन ड्राइव्हवर नेला. केबलजवळचा हिरवा दिवा लागला आणि काकांनी लगेच प्रिंटर पुढे केला. तो यूएसबीवरचा, म्हणजे तिथे ‘व्हेन’ऐवजी ‘व्हीआयडी’ (VID).