रेडवूडच्या सहलीचे नियम आणि त्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

रेडवूड बघायला जायचं ठरलं की आधी ठरवावं लागतं, कुठले रेडवूड? कॅलिफोर्नियात दोन वेगळ्या जातींना लोक सरसकट हेच नाव देतात. कोस्ट रेडवूड हा समुद्रकाठचा. जगातलं सगळ्यात उंच झाड याच जातीचं. मोंटेरेच्या दक्षिणेपासून ओरेगनच्या हद्दीत जरासं शिरेपर्यंत, सुमारे ४५० मैल लांब आणि जास्तीत जास्त ३५ मैल रुंद अशा धुक्याच्या पट्ट्यात तो वाढतो. दुसरा जायंट सिक्वोया. उंचीला कमी, पण बुंध्याला अवाढव्य. सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर, साधारण पाच ते सात हजार फुटांवर, सत्तरहून अधिक सुट्या सुट्या राईंमध्ये तो आढळतो. उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवूड नॅशनल पार्कपासून सिक्वोया नॅशनल पार्क म्हणजे गाडीने अख्खा दिवस. तीन दिवसांच्या सुट्टीत दोन्ही उरकू म्हणणाऱ्यांची सुट्टी गाडीतच संपते.

ही दोन जंगलं वाचली ती दोन वेगळ्या वाटांनी. कुठे प्रवेशशुल्क आहे, कुठे फुकट आहे, कुठे आधी परवाना काढावा लागतो आणि कुठे पाऊलही टाकता येत नाही, हे सगळं त्यातूनच आलं आहे.

सिक्वोयाची कीर्ती पसरली १८५२ मध्ये. ऑगस्टस डाउड नावाचा शिकारी आजच्या कॅलाव्हेरास बिग ट्रीज स्टेट पार्कमधल्या राईत पोचला, आणि पुढच्याच वर्षी तिथलं सगळ्यात मोठं झाड पाडायचं ठरलं. एवढ्या बुंध्याला पुरेल अशी करवत नव्हती. खाणकामातल्या गिरमिटांनी चहूबाजूंनी भोकं पाडली. पाच माणसांना २२ दिवस लागले. तरी झाड आपल्या वजनावर उभंच राहिलं. पाचरी ठोकाव्या लागल्या, तेव्हा कुठे ते कोसळलं. खोडावर १,२४४ वर्तुळं मोजली गेली. उरलेल्या बुंध्यावर पुढे लोक नाचाचे कार्यक्रम करत. तो बुंधा आजही तिथे आहे, पायऱ्या चढून वर उभं राहता येतं. १८५४ मध्ये शेजारच्या झाडाची साल शंभर फुटांहून वरपर्यंत सोलून न्यूयॉर्क आणि लंडनच्या प्रदर्शनांत पाठवली. ते झाड उभ्या उभ्या मेलं.

अशा प्रकारांवर वर्तमानपत्रांतून टीका झाली. ३० जून १८६४ रोजी, गृहयुद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी योसेमिटी खोरं आणि मॅरिपोसा राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली करणाऱ्या कायद्यावर सही केली. १८९० मध्ये सिक्वोया आणि जनरल ग्रँट ही राष्ट्रीय उद्यानं झाली. सिएरातली बरीच जमीन अजून केंद्र सरकारकडेच होती, म्हणून संसदेतल्या मतदानाने काम भागलं. दुसरं म्हणजे सिक्वोयाचं लाकूड ठिसूळ. पडताना खोडाचे तुकडे होत. कन्व्हर्स बेसिनमध्ये विस्तीर्ण राई तोडली गेली, आणि दोन-दोन हजार वर्षांच्या झाडांमधून निघाले ते कुंपणाचे खांब, द्राक्षवेलींचे टेकू आणि छपराच्या फळ्या.

किनाऱ्यावर नेमकं उलट होतं. कोस्ट रेडवूडचं लाकूड सरळ, हलकं, पटकन न कुजणारं आणि रेषेत सहज चिरणारं. इथले मूळ रहिवासी युरोक लोक पडलेल्या खोडातून एल्क हरणाच्या शिंगाच्या पाचरींनी फळ्या काढून घरं बांधत. १७६९ मध्ये स्पॅनिश पोर्तोला मोहिमेबरोबरच्या फादर क्रेस्पी यांनी या झाडाला ‘पालो कोलोरादो’, म्हणजे तांबडं लाकूड, असं नाव दिलं. १८४९ च्या सोन्याच्या लाटेनंतर सॅन फ्रान्सिस्को याच लाकडावर वाढलं, आणि जंगलं भराभर खासगी मालकीची झाली. मूळच्या सुमारे २० लाख एकरांपैकी आज जुनं जंगल जेमतेम ५ टक्के उरलं आहे. राखून ठेवायला सरकारच्या हातात इथे फारसं काही नव्हतंच. जे वाचवायचं ते विकत घ्यावं लागलं, आणि म्हणूनच ते तुकड्यातुकड्यांत वाचलं.

बिग बेसिन हे १९०२ मधलं कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. म्युअर वुड्सची जमीन विल्यम केंट यांची. एका पाणी कंपनीला तिथे धरण हवं होतं आणि ती सक्तीने जमीन घेणार, अशी वेळ आली. केंट यांनी २९५ एकर थेट केंद्र सरकारला दान केले, आणि ९ जानेवारी १९०८ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. नाव निसर्गलेखक जॉन म्युअर यांचं द्यावं, हा आग्रह केंट यांचाच.

उत्तरेला मोटाररस्ता पोचल्यावर १९१८ मध्ये सेव्ह द रेडवूड्स लीग स्थापन झाली. संस्थापक जॉन मेरियम, मॅडिसन ग्रँट आणि हेन्री ऑसबॉर्न. यातले ग्रँट आणि ऑसबॉर्न वंशशुद्धीच्या विचारांचे उघड पुरस्कर्ते होते. त्यांचं काम सांगताना हेही सांगायला हवं. देणगी गोळा करायची, राई विकत घ्यायची, राज्याला सोपवायची आणि देणगीदाराच्या किंवा त्याच्या आप्ताच्या नावाची पाटी लावायची, ही त्यांची पद्धत. अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स या ३१ मैलांच्या रस्त्यावर जागोजागी दिसणाऱ्या नावांच्या पाट्या या व्यवहारातल्या आहेत. १९३१ मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्या २० लाख डॉलरच्या मदतीने बुल क्रीक या ओढ्याकाठचं सपाटीवरचं जंगल घेतलं गेलं.

इथे एक चूक झाली, आणि ती पुढे पुन्हा केली गेली. उंच झाडं ओढ्याकाठच्या गाळाच्या सपाटीवर असतात, म्हणून फक्त सपाटी घेतली. वरचे उतार खासगीच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या उतारांवर तोड झाली. डिसेंबर १९५५ च्या पुरात मोकळी झालेली माती आणि दगडगोटे खाली आले, ओढ्याचं पात्र रुंदावलं आणि काठावरची शेकडो मोठी झाडं मुळासकट गेली. रेडवूडला सोटमूळ नसतं. मुळं जेमतेम दहा-बारा फूट खोल जातात आणि शंभर फुटांपर्यंत आडवी पसरतात. काठ खचला की झाड गेलंच.

तरीही १९६८ मध्ये रेडवूड नॅशनल पार्क आखताना टॉल ट्रीज राईपर्यंत रेडवूड क्रीकच्या काठाने अर्धा मैल रुंदीची अरुंद पट्टी तेवढी घेतली. वळवळत जाणाऱ्या त्या पट्टीला ‘वर्म’, म्हणजे अळी, असंच म्हणत. दोन्ही बाजूंच्या उतारांवर तोड चालू राहिली, गाळ वाहत राहिला. शेवटी २७ मार्च १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने आणखी ४८ हजार एकर जोडले गेले. त्यातले बहुतेक आधीच तोडलेले होते. म्हणून या उद्यानात जुन्या जंगलातून अचानक बारीक, दाट, एकाच वयाच्या झाडीत शिरल्यासारखं होतं. जुना बुंधा दिसला तर माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास खाचा शोधाव्यात. तळाचा फुगीर भाग टाळण्यासाठी तोडणारे या खाचांत फळी खोचून तिच्यावर उभं राहत. त्याच बुंध्याभोवती फुटव्यांतून वाढलेल्या झाडांचं कडं असतं. तोडल्यावर पुन्हा फुटणं हे कोस्ट रेडवूडचं वैशिष्ट्य. मोठा सिक्वोया असा फुटत नाही.

रेडवूड नॅशनल पार्कला प्रवेशशुल्क नाही, पण त्याच्याशी जोडलेल्या तीन स्टेट पार्क्सच्या काही भागांत दिवसाचे पैसे पडतात. फर्न कॅन्यनला १५ मे ते १५ सप्टेंबर आगाऊ नोंदणी लागते. टॉल ट्रीजचा परवाना मोफत, पण दिवसाला मोजक्याच गाड्या. आधी ऑनलाइन अर्ज करायचा आणि मिळालेल्या आकड्याने फाटक उघडायचं. वाट जाताना सुमारे ८०० फूट उतरते, परतीची चढण त्रास देते. हातात चार तास ठेवावेत.

जगातलं सर्वांत उंच झाड, हायपेरियन, सुमारे ३८० फुटांचं, २००६ मध्ये सापडलं. जागा गुप्त ठेवली तरी ती इंटरनेटवर फुटली. तिथे वाट नाही. लोक नेचे तुडवत गेले, मुळांवरची माती दगडासारखी घट्ट झाली, कचरा साचला. २०२२ पासून तो भाग बंद आहे. शिरल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तसाही त्याच्या पायथ्याशी उभं राहून शेंडा दिसत नाही. त्याऐवजी जेडेडायाह स्मिथ पार्कमधल्या ग्रोव्ह ऑफ टायटन्सला जावं. तिथेही अशीच नासधूस झाली होती, पण आता मुळांवरून उचललेला मार्ग बांधला आहे. २०१४ मध्ये प्रेयरी क्रीकमधला न्यूटन ड्रुरी रस्ता रात्री बंद करावा लागला, कारण चोर खोडावरच्या गाठी करवतीने कापून नेत होते. टेबलांसाठी त्या महाग विकल्या जातात, आणि नवे फुटवे त्यातूनच येतात.

सिएरातली अडचण आगीची. सिक्वोयाच्या शंकूतलं बी आगीच्या उष्णतेने मोकळं होतं आणि राखेवर रुजतं. विसाव्या शतकात प्रत्येक आग विझवली गेली, पालापाचोळा आणि दाट झुडपं साचली. १९६८ पासून इथे मुद्दाम लहान आगी लावल्या जाऊ लागल्या, पण साचलेलं फार होतं. २०२० च्या कॅसल आगीत मोठ्या सिक्वोयांपैकी १० ते १४ टक्के मेले. २०२१ मध्ये जनरल शर्मन या महाकाय सिक्वोयाचा बुंधा आगरोधक चंदेरी आवरणात गुंडाळावा लागला. किनाऱ्याकडच्या बिग बेसिनचाही ९७ टक्के भाग २०२० मध्ये जळाला, तिथे आता काळ्या खोडांवर हिरवी लव फुटलेली दिसते. दोन्ही ठिकाणी निघण्याच्या आदल्या दिवशी बंद रस्त्यांची यादी पाहावी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मुलांकडे आलेल्या आईवडिलांसाठी म्युअर वुड्स सगळ्यात जवळ: गोल्डन गेट पुलापासून दहा-बारा मैल. २०१८ पासून पार्किंग किंवा शटल आधी आरक्षित करावं लागतं, आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. तिकीट घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावं. सिक्वोया आणि योसेमिटीला १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पर्यटकांना नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर पडतात, १६ वर्षांखालील मुलांना सूट. दोन किंवा अधिक उद्यानं करणार असाल तर २५० डॉलरचा वार्षिक पास आधी हिशेबात धरावा. हिवाळ्यात सिक्वोयाच्या जनरल्स हायवेवर चाकांना साखळ्या लागतात, त्या पायथ्याच्या गावात भाड्याने मिळतात. २२ फुटांहून लांब गाडी खालच्या नागमोडी टप्प्यात नेऊ नये.