चुंबक आलं, चुंबक गेलं

आमच्या मजल्यावरचे काका निवृत्तीनंतर व्यायामाच्या सायकलवर बसायला लागले, त्याला आता वर्ष होईल. रोज सकाळी चाळीस मिनिटं, समोर बातम्या, मधूनमधून काकूंशी वाद, आणि उतरल्यावर जिन्यात जो भेटेल त्याला त्या दिवसाचा आकडा. परवा मला गाठून म्हणाले, "अरे, आज चारशे बारा कॅलरी! आता दुपारच्या श्रीखंडावर कोणी बोलायचं नाही." मी आगाऊपणे विचारलं, "पण काका, मीटरला तुमचं वजन कुठे माहीत आहे?" काका जरा थांबले. "कंपनीने काहीतरी घातलंच असेल ना आत."

आत काय घातलंय ते बघायला रविवारी आम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.

मीटरच्या पाठीतून एक वायर निघते. तिच्या टोकाला जुन्या इअरफोनला असायची तशी पिन असते. ती दुसऱ्या वायरीत खोचलेली असते आणि ती वायर नळीतून खाली चाकाच्या झाकणात जाते. मी पिन उपसली आणि तिचं टोक न् बुडखा काकूंच्या सेफ्टीपिनने जोडला, सोडला, जोडला, सोडला. पडद्यावर वेग दिसायला लागला. मग काकूंनी सेफ्टीपिन हातात घेतली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या मिनिटभरात दहा कॅलरी जाळल्या. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

झाकणाखाली दोनच वस्तू सापडल्या. पॅडलबरोबर फिरणाऱ्या चकतीवर चिकटवलेलं वाटाण्याएवढं चुंबक, आणि त्याच्या वाटेत फ्रेमवर बसवलेला रीड स्विच. हा स्विच मला फार आवडतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. तांदळाच्या लांब दाण्यासारखी एक बंद काचेची नळी, आत नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू, आणि दोन्ही टोकांकडून आत आलेल्या लोह-निकेलच्या दोन पातळ पात्या. पात्यांची टोकं एकमेकींवर येतात, पण टेकत नाहीत. मध्ये केसाएवढी फट असते. चुंबक जवळ आलं की दोन्ही पात्या तात्पुरत्या चुंबक होतात. एकीचं टोक उत्तर ध्रुव होतं, समोरच्या पातीचं दक्षिण. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात हे आपण सहावी-सातवीत घोकलेलं असतं. पात्या चिकटतात, विद्युतमंडल पूर्ण होतं. चुंबक पुढे गेलं की पात्या आपल्याच लवचीकपणाने सुटतात. चुंबक आलं, चुंबक गेलं, एक टिचकी.

या स्विचला चालायला वीज लागत नाही, आत धूळ किंवा घाम जाऊ शकत नाही. बेल लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६ साली शोधला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो भरपूर वापरला गेला. एक खोड मात्र आहे. पात्या एकमेकींवर आपटल्या की क्षणभर थरथरतात आणि एकाच्या जागी चार-पाच टिचक्या होतात. म्हणून मीटरमधली चिप पहिली टिचकी धरते आणि लगेच पाठोपाठ येणाऱ्या सोडून देते.

आणि मीटरला बाहेरच्या जगातलं कळतं ते एवढंच. काका मिनिटाला साधारण ६० फेरे मारतात, तेव्हा पडद्यावर ताशी २० किलोमीटर दिसतं. म्हणजे एका टिचकीला साडेपाच मीटर, असं कारखान्यात कोणीतरी ठरवून टाकलंय. चाळीस मिनिटांच्या २४०० टिचक्यांना ४१२ कॅलरी, म्हणजे टिचकीमागे ०.१७. रेझिस्टन्सचा, म्हणजे पॅडल हलकं-जड करायचा, नॉब १ वर ठेवा नाहीतर ८ वर, हा भाव बदलत नाही. आम्ही दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं मोजून पाहिलं. मोटारने रेझिस्टन्स बदलणाऱ्या महागड्या सायकलींत मीटरला निदान पातळी तरी कळते. हाताने फिरवायच्या नॉबचा मीटरशी सहसा काही संबंधच नसतो.

आता नॉब काय करतो ते. तो फिरवला की चुंबकांची एक पट्टी फ्लायव्हीलच्या, म्हणजे झाकणाआडच्या जड चाकाच्या, कडेजवळ सरकते. ती चाकाला टेकत नाही, तरीही चाक जड होतं. धातू चुंबकीय क्षेत्रातून जाताना त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, त्यांना एडी करंट म्हणतात. लेन्झ या भौतिकशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये सांगितलेल्या नियमाप्रमाणे हे प्रवाह ज्या गतीमुळे उठले त्या गतीलाच विरोध करतात. फूकोने १८५५ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून दाखवलं की ती फिरवायला जोर लागतो आणि ती तापते. आपला घामही शेवटी झाकणाआडचं चाक तापवण्यातच जातो.

खरी गंमत पुढे आहे. चाक फार वेगात नसेल तर हा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बलातच एक वेग दडलेला, म्हणून शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. नॉब न हलवता फेरे ४० वरून ८० केले, तर टिचक्या दुप्पट होतात, मीटर दुप्पट कॅलरी दाखवतो आणि तुमच्या मांड्या मात्र चौपट शक्ती लावत असतात. बेअरिंगचं घर्षण मी इथे सोडून दिलंय. म्हणजे जोरात मारणाऱ्याला मीटर कमी लेखतो आणि सावकाश मारणाऱ्याची तारीफ करतो.

मग काकांचे ४१२ खरे मानायचे का? मीटरवरची कॅलरी म्हणजे खरं तर किलोकॅलरी, आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४१८४ ज्यूल. सायकल मारताना शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचवतं, उरलेली उष्णता होते. हिशेब मांडला तर ४१२ साठी काकांनी चाळीस मिनिटं सलग १७० वॅटच्या आसपास शक्ती लावायला हवी. घरातले दोन जुने छताचे पंखे चालतील एवढी. ती लावताना काकूंशी वाद घालता येत नाही.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर, "रक्तातलं लोह ओढून रक्ताभिसरण सुधारणारं" चुंबकीय कडंही काकांच्या मनगटात आहे. रीड स्विचच्याच साली, १९३६ मध्ये, लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोह ज्यात असतं तेच, चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट किंचित दूर ढकललं जातं. कड्याने टाचणी उचलता येते, तेवढा उपयोग आहे.

मीटर टाकून द्यायची गरज नाही, त्याच्याकडून टिचक्याच मोजून घ्याव्यात. आधी जुळणी नीट करा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यांत खाली असताना पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर. पडदा पेटला पण वेग शून्यच असेल तर बोर्ड जळाल्याच्या बातमीवर विश्वास ठेवण्याआधी ती पिन दाबून बघा. माझ्या सायकलच्या वेळी दुरुस्तीवाला नवा मीटर विकायलाच निघाला होता, आणि पिन अर्धीच बसली होती. तेही नसेल तर चुंबक स्विचपासून लांब सरकलंय का बघा, दोघांमध्ये काही मिलिमीटरच अंतर चालतं.

मग मोबाइलवर एक मिनिट लावून स्वतःचे फेरे मोजा आणि त्या वेळचा वेग बघा. काकांच्या मीटरवर वेगाला तीनने गुणलं की फेरे मिळतात, तुमचा गुणक वेगळा निघेल. नॉबचा आकडा, फेरे आणि मिनिटं हे तीनच रकाने लिहायचे. काका आता पाच मिनिटं हलकं मारून मग एक मिनिट नॉब ६, दोन मिनिटं नॉब २, असं सहा वेळा करतात. नॉब ६ वर वाक्य अर्ध्यात तुटायला हवं, २ वर पुन्हा जमायला हवं. नाडी जास्तीत जास्त किती जाते याचं २२० वजा वय हे सूत्र त्यांना लागू नाही. ते रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतात आणि त्या गोळीने नाडी मुळातच खाली राहते. म्हणून हा बेत आधी डॉक्टरांना दाखवला.

गेल्या आठवड्यात मीटर अंधूक झाला. सेल काढले की एकूण अंतर शून्यावर येतं हे कळल्यावर काकांनी वर्षभराचे सगळे किलोमीटर आधी वहीत उतरवून घेतले, खाली तारीख टाकली, आणि मगच मला सेल बदलू दिले.